ऑनलाइन कोर्स, पुस्तकातली पानं आणि कॉपीराइट : वर्गात चालतं ते पोर्टलवर चालेल का?

मास्तरीण_करवीर

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून एक ऑनलाइन कोर्स तयार करायचं काम यंदा माझ्याकडं आलंय. विषय आहे कोल्हापूर संस्थानातल्या सामाजिक सुधारणा. ठरलेल्या साच्याप्रमाणं चार भाग हवेत : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि चाचणी. विद्यार्थी कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तिन्ही जिल्ह्यांतले. बरेचसे नोकरी करून शिकणारे.

वर्गात शिकवताना एखाद्या ग्रंथातली पंधरा-वीस पानं झेरॉक्स करून वाटणं ही आम्हा सगळ्यांची नेहमीची रीत. आता तीच पानं स्कॅन करून कोर्सच्या पोर्टलवर चढवायची तर कायदा काय म्हणतो, हे नीट समजून घ्यायचंय. विभागात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एक म्हणतात, "शिक्षणासाठी सगळं माफ आहे." दुसरे म्हणतात, "एक ओळही घेऊ नका, नोटीस येईल." या दोन्ही उत्तरांनी काम पुढं सरकत नाही.

माझ्या यादीत काय काय आहे ते सांगते. एका अजून विक्रीत असलेल्या मराठी संदर्भग्रंथातलं एक प्रकरण. शाहू महाराजांच्या १९०२च्या आरक्षणाच्या आदेशाचा मजकूर. माणगाव परिषदेवरचं वाचन आणि बाबासाहेबांच्या लेखनातले उतारे. जुन्या कोल्हापूरचे काही फोटो. एका इंग्रजी पाठ्यपुस्तकातली दोन प्रकरणं, जी मराठीत आणावीत असा विभागाचा आग्रह आहे. आणि शेवटी माझी स्वतःची व्याख्यानं. ती रेकॉर्ड झाल्यावर कुणाची?

कृपया अनुभवाचं आणि खात्रीचं सांगा.

सातासमुद्रा

मी अमेरिकेत एका विद्यापीठात काम करतो, मूळचा राजारामपुरीचा. आमच्याकडं फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापराची मुभा आहे, शिवाय ऑनलाइन वर्गांसाठी २००२चा टीच अ‍ॅक्ट आहे. पुस्तकाचा १० टक्के भाग घ्यायचा, कोर्सला पासवर्ड लावायचा, एवढं सांभाळलं की झालं. तुम्हीही तसंच करा.

कोर्टकचेरी

सातासमुद्रा, आपुलकीनं सांगितलंत, पण हा सल्ला इथं लागू पडत नाही. तो वाचून कुणी पोर्टल भरू नये म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील आहे, दसरा चौकाच्या आसपासच माझं काम असतं.

टीच अ‍ॅक्ट अमेरिकेचा. फेअर यूजचं कलमही अमेरिकेचं. आपल्याकडं १९५७चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यात ५२व्या कलमात अपवादांची यादी दिली आहे. १० टक्के हा आकडा त्या कलमात शिक्षणासाठी कुठंही नाही. खरं तर अमेरिकेच्या कायद्यातही तो नाही, तो मार्गदर्शक सूचनांतून आणि विद्यापीठांच्या आपापल्या नियमांतून रूढ झालेला आहे. टक्केवारी ऐकायला सोपी वाटते म्हणून ती कार्यशाळांतून सांगितली जाते, आणि माणसं त्या आकड्याच्या भरवशावर राहतात.

मास्तरीणबाईंच्या कामाची तीन कलमं. पहिलं ५२(१)(आय) : शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत केली, तर तो भंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घातला किंवा उत्तरपत्रिकेत लिहिला, तर तोही नाही. दुसरं ५२(१)(एच) : शैक्षणिक वापरासाठी संकलन प्रसिद्ध करायचं तर त्यातला बहुतांश मजकूर कॉपीराइट नसलेला हवा, घेतलेले उतारे छोटे हवेत, आणि संकलन काढणाऱ्या एका प्रकाशकाला एकाच लेखकाचे पाच वर्षांत दोनच उतारे घेता येतात. तिसरं ५२(१)(ए) : खाजगी वापर, संशोधन, टीका, समीक्षा यांसाठीचा रास्त वापर.

यातल्या पहिल्या दोन कलमांत फरक काय, याच प्रश्नावर दिल्लीत मोठा खटला चालला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात अभ्यासक्रमाला लावलेल्या पुस्तकांतले भाग एकत्र बांधून 'कोर्स पॅक' मिळायचे. ऑगस्ट २०१२मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ला खंडपीठानं मुद्दा आणखी नेमका केला : 'अध्यापनाचा ओघ' म्हणजे केवळ तासाची पंचेचाळीस मिनिटं नव्हेत, तासाच्या आधीची तयारी आणि नंतरचा अभ्यासही त्यात येतो. पानं किती घेतली याची सरसकट मर्यादा नाही. अध्यापनासाठी ती पानं खरोखर लागत होती का, ही कसोटी. त्या कसोटीवर पुरावा तपासण्यासाठी खंडपीठानं दावा परत पाठवला, पण मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी तो मागं घेतला. पुढं मे २०१७मध्ये रिप्रोग्राफिक हक्क संघटनेची, म्हणजे झेरॉक्सचे परवाने देणाऱ्या संघटनेची याचिकाही सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

म्हणजे वर्गातल्या झेरॉक्सच्या बाबतीत आपला कायदा शिक्षकाच्या बाजूनं भक्कम उभा आहे, अमेरिकेपेक्षाही जास्त. हे अभिमानानं सांगण्यासारखं आहे आणि प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवं.

आता पोर्टल. त्या निकालात कागदी प्रतींचा वाद होता. कायद्यात प्रत करणं हा एक हक्क आणि जनतेपर्यंत पोहोचवणं हा दुसरा. ५२(१)(आय)मध्ये प्रत करण्याला सूट आहे. तुमच्या कोर्सला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांपुरतं, लॉगिनच्या आत ठेवलेलं प्रकरण हे अध्यापनाच्या ओघातलंच आहे असं ठामपणे मांडता येतं, आणि मी तरी कोर्टात तसंच मांडीन. तेच प्रकरण कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा खुल्या यूट्यूब चॅनेलच्या खाली लिंक म्हणून ठेवलंत की तुम्ही शिक्षकाच्या भूमिकेतून बाहेर पडून प्रकाशकाच्या भूमिकेत गेलात. मग (आय) मागं राहतं आणि (एच)ची अरुंद वाट उरते. आणि भंग ठरला तर ६३वं कलम आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण फौजदारी तरतूद आहे हे लक्षात असू द्या.

पुस्तकपेटी

कोर्टकचेरी साहेबांनी कायदा सांगितला, मी ग्रंथालयाच्या बाजूनं लिहिते. पंचवीसेक वर्षं महाविद्यालयीन ग्रंथालयात गेली.

बाई, चढवण्याआधी एकदा बघा की ते साहित्य कुठं कायदेशीर मार्गानं उपलब्ध आहे का. असेल तर पीडीएफ चढवूच नका, लिंक द्या. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना महाविद्यालयांसाठी आहे आणि त्यातली नियतकालिकं आणि ई-पुस्तकं घरून लॉगिन करून वाचता येतात. आमच्या कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांनी आपला पासवर्ड कधी मागितलेलाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पैसे भरलेले असतात, दार उघडं असतं आणि माणसं चोरीची पीडीएफ शोधत बसतात. केंद्रानं नोव्हेंबर २०२४मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी. ते केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळं आपलं कॉलेज त्यात बसतं का हे ग्रंथपालांना विचारा. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररीही बघा, शोध एका ठिकाणी होतो.

लिंकच्या बाबतीत एक सावधगिरी. चोरीचं संकेतस्थळ आहे हे माहीत असताना तिथली लिंक अभ्यासक्रमात दिली तर 'मी फक्त लिंक दिली' हा बचाव टिकत नाही. आणि विद्यार्थ्याला आपण काय शिकवतोय, हाही प्रश्न आहेच.

लिंक नसेल आणि पानं द्यायचीच असतील, तर पाठाला लागतात तेवढीच द्या. एका घटकाला एक प्रकरण, तेही सत्र संपल्यावर बंद करायचं. पहिल्या पानावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ क्रमांक लिहा. त्याखाली 'फक्त या कोर्सच्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांसाठी' असं छापा. दिल्लीच्या निकालातली कसोटी तुम्ही पाळली याचा तो पुरावा. आणि ज्या ग्रंथातून पानं घेताय त्याच्या मूळ प्रती ग्रंथालयात विकत घेतलेल्या असू द्या. दरवर्षी खरेदीची यादी मागवतो तेव्हा विभागाकडून कोरा कागद येतो आणि जूनमध्ये स्कॅनिंगची मागणी येते, हे मी अनेकदा पाहिलंय.

जुळणीकार

हा धागा वाचून लिहायला बसलो. आमचा छोटा प्रकाशन व्यवसाय आहे कोल्हापुरात, वडिलांपासून. इतिहास, लोकसाहित्य, शेती असे संदर्भग्रंथ काढतो.

रामेश्वरीचा निकाल शिक्षकांच्या बाजूनं लागला तेव्हा मलाही आनंद झाला होता. शिकणाऱ्या पोरानं परदेशी पुस्तकाला हजारो रुपये का मोजायचे? पण त्या खटल्यातले प्रकाशक आणि आम्ही यांना एका मापानं मोजू नका. मराठी संदर्भग्रंथाची आवृत्ती छोटी असते. ती संपायला वर्षानुवर्षं लागतात. तिचा गिऱ्हाईक कोण? कॉलेजची ग्रंथालयं, प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी, एवढेच. त्यांच्याकडं पहिल्याच वर्षी अख्खी पीडीएफ ग्रुपवर फिरली की दुसरी आवृत्ती निघत नाही. लेखकानं दहा-दहा वर्षं पुराभिलेखागारात बसून, मोडी वाचून, गावोगाव फिरून लिहिलेलं असतं. त्याला मानधन म्हणून जे मिळतं ते सांगायलाही संकोच वाटतो. पुढचा ग्रंथ लिहायला तो का बसेल?

एका संस्थेनं आमचं पूर्ण पुस्तक स्कॅन करून आपल्या वेबसाइटवर 'अभ्यास साहित्य' म्हणून ठेवलं होतं. आमचा लोगो कापून त्यांचा घातला होता. लेखकाचं नावही पहिल्या पानावर नव्हतं. मी पत्र पाठवलं, फोन केले. चार महिन्यांनी काढलं. तोवर ते कुठं कुठं पोहोचलं असेल.

म्हणून कळकळीची विनंती, विचारा. एक ईमेल करा : कुठलं प्रकरण, किती पानं, किती विद्यार्थी, किती काळ. मी आजवर अशा एकाही पत्राला नाही म्हटलेलं नाही, आणि एका प्रकरणासाठी पैसेही मागितलेले नाहीत. माझ्या ओळखीचे बाकीचे प्रकाशकही असेच आहेत. विचारलं की आम्हाला कळतं की पुस्तक शिकवलं जातंय. मग पुनर्मुद्रणाचं धाडस होतं.

मास्तरीण_करवीर

जुळणीकार, तुमचं लिहिणं फार आतून आलंय. माझ्या यादीतला संदर्भग्रंथही अशाच एका इथल्या प्रकाशकाचा आहे. त्यांना पत्र लिहिते.

कोर्टकचेरी, बाकीच्या गोष्टींचं सांगाल? आदेश, बाबासाहेबांचे उतारे, फोटो आणि तो अनुवाद.

कोर्टकचेरी

सांगतो.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. १९९२पर्यंत ही मुदत ५० वर्षं होती. सरकारी प्रकाशनाला प्रसिद्धीपासून ६० वर्षं. त्यामुळं २६ जुलै १९०२चा आरक्षणाचा आदेश पूर्ण मोकळा आहे. अख्खा चढवा, मोठ्या अक्षरात चढवा.

बाबासाहेब डिसेंबर १९५६मध्ये गेले, म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेला आणि हयातीत प्रसिद्ध झालेला मजकूर १ जानेवारी २०१७पासून मोकळा झाला. 'मूकनायक'मधले त्यांचे १९२०चे लेख त्यातच आले. पण इथं बऱ्याच जणांचा पाय घसरतो. मूळ मजकूर मोकळा झाला म्हणून त्यावर कुणी नंतर लिहिलेली प्रस्तावना, टिपा किंवा नंतर केलेला अनुवाद मोकळा होत नाही. त्यांची मुदत स्वतंत्र. इंग्रजी लेखनाचा मराठी अनुवाद घेणार असाल तर अनुवादकाचं साल बघा.

फोटोंचं थोडं किचकट आहे. २०१२च्या दुरुस्तीपासून, म्हणजे २१ जून २०१२पासून, फोटोलाही छायाचित्रकाराचं आयुष्य आणि पुढं ६० वर्षं अशी मुदत झाली. त्याआधी ती प्रसिद्धीपासून ६० वर्षं होती. म्हणून १९५१ किंवा त्याआधी छापून प्रसिद्ध झालेला फोटो दुरुस्तीच्या आधीच मोकळा झाला आणि तो परत बांधला गेला नाही. त्यानंतरच्या फोटोसाठी छायाचित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना विचारा. इंटरनेटवर शोधून सापडलेला फोटो म्हणजे फुकटचा फोटो, ही समजूत मात्र डोक्यातून काढा. सर्च इंजिन फोटो दाखवतं, त्याची परवानगी देत नाही.

शाहू महाराजांचा दसरा चौकातला पुतळा किंवा बिंदू चौकातले फुले-आंबेडकरांचे पुतळे हवे असतील तर मोबाइल घेऊन जा आणि स्वतः फोटो काढा. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून तो प्रसिद्ध करायला ५२वं कलमच परवानगी देतं. इमारतींचंही तसंच. तुम्ही काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा.

अनुवादाबाबत उत्तर स्पष्ट आहे : इंग्रजी पाठ्यपुस्तकाची दोन प्रकरणं मराठीत आणून पोर्टलवर 'अभ्यास साहित्य' म्हणून ठेवणं, परवानगीशिवाय, करू नका. अनुवाद करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. वर्गात समजावून सांगताना तुम्ही मनात अनुवाद करताच, त्याला कुणाची हरकत नाही. पण लिखित अनुवाद हे नवं प्रकाशन होतं. त्यापेक्षा चार-पाच ग्रंथ वाचून स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या मांडणीत लिहा. कल्पना आणि घटना यांवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात हे नीट सांगून ठेवलंय.

मराठी_विभाग

याच मुदतीच्या प्रश्नात आमच्या विषयाची भर घालतो. केशवसुत १९०५ला गेले, बालकवी १९१८ला, साने गुरुजी १९५०ला. यांचं पूर्ण साहित्य पोर्टलवर ठेवता येतं. पण कोल्हापुरात ज्यांचं स्मृती संग्रहालय विद्यापीठाच्या आवारात आहे ते खांडेकर सप्टेंबर १९७६मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०३६ संपेपर्यंत बांधलेलं आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ला गेले, ते २०२९ संपेपर्यंत. 'जुने लेखक आहेत, चालतंय' असं म्हणत आमच्याकडं अख्ख्या कादंबऱ्या चढवल्या जातात, तेव्हा मी हेच साल दाखवतो. समीक्षेसाठी उतारा घेणं वेगळं, ते बिनधास्त करा. अख्खी कादंबरी ठेवणं वेगळं.

गडहिंग्लजचा

सर, मॅडम, मी दूरशिक्षणाचा विद्यार्थी. कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे. तुमचं सगळं बोलणं बरोबर असंल, पण आमच्या बाजूनं बी बघा.

लिंक द्या, लिंक द्या म्हणताय. ती लिंक उघडल्यावर कॉलेजचं लॉगिन मागतंय. दूरशिक्षणाच्या पोरांना ते लॉगिन कुणी दिलेलंच नसतंय. पुस्तक घ्यायचं म्हटलं तर गडहिंग्लजात मिळत नाही, कोल्हापूरला यावं लागतंय, आल्यावर कळतंय की आवृत्ती संपली. मग कुणीतरी ग्रुपवर पीडीएफ टाकतो आणि आम्ही वाचतो. आम्हाला कुणाचं नुकसान करायची हौस नाही. वाचायला कायतरी पाहिजे, परीक्षा मार्चात हाय.

दुसरं, माझ्याबरोबर एक मित्र आहे, त्याला दिसत नाही. स्कॅन केलेली पानं म्हणजे त्याच्या फोनला नुसती चित्रं. वाचून दाखवणारं अ‍ॅप एक अक्षर वाचत नाही. त्यासाठी मी रात्री पानं वाचून रेकॉर्ड करून त्याला पाठवतो. हे चालतंय का?

आणि मॅडमचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला तर?

पुस्तकपेटी

गडहिंग्लजचा, तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ही आम्हा संस्थांची जबाबदारी आहे. दूरशिक्षणाचा विद्यार्थी हाही विद्यार्थीच, त्यालाही ई-साहित्याचा प्रवेश मिळाला पाहिजे. सदस्यत्वाच्या करारात तो बसतो का हे ग्रंथपालानं करार करतानाच विचारायचं असतं. तू तुझ्या केंद्राकडं लेखी मागणी कर. पाच-पन्नास जणांनी सही करून केली तर आणखी चांगलं. अशा अर्जाच्या आधारावरच आम्हाला वरती पैसे मागता येतात.

आणि आवृत्ती संपलेल्या पुस्तकाबद्दल : भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करून ठेवू शकतं, त्याची तरतूद कायद्यात आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासूनचं आहे. जुनी मराठी पुस्तकं शोधताना तिथं एकदा जाऊन विचार.

कोर्टकचेरी

मित्रासाठी तू जे करतोस ते पूर्ण कायदेशीर आहे. २०१२च्या दुरुस्तीनं ५२(१)(झेडबी) घातलं. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करणं आणि ती तिला देणं हा भंग नाही. व्यक्तीनं केलं तरी चालतं, संस्थेनं नफ्याविना केलं तरी चालतं. तेव्हा मास्तरीणबाई, वाचण्यायोग्य युनिकोड मजकूर देणं हे तुमच्या पोर्टलचंच काम आहे. ते एकट्या विद्यार्थ्याच्या रात्रीच्या जागरणावर सोडू नये. आणि या कामात कॉपीराइट आडवा येत नाही.

तासाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या अभ्यासासाठी केलंस तर चालतं. ३९व्या कलमात तशी सूट आहे. ग्रुपवर टाकलंस तर नाही. आपल्या कायद्यात 'कलाकार' या व्याख्येत नट, गायक यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. शिक्षकाच्या बोलण्यावर शिक्षकाचा हक्क असतो.

जुळणीकार

गडहिंग्लजच्या भावाला : आवृत्ती संपली हे आमचंच अपयश, मान्य. आता मागणीनुसार पन्नास-शंभर प्रती छापता येतात. कुठलं पुस्तक मिळत नाही ते इथं लिही. आमचं असलं तर बघतो, दुसऱ्याचं असलं तर त्यांना फोन करतो.

तासिका_तत्त्व

मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो. सगळे मुख्य प्रश्नाच्या जवळ येऊन थांबताहेत. मागं घरातून व्हिडिओ रेकॉर्ड करून दिले, स्वतःचा माइक, स्वतःचं इंटरनेट. पुढच्या वर्षी मला तास मिळाले नाहीत. व्हिडिओ मात्र तिथं सुरूच आहेत, आणि माझं नाव सुरुवातीच्या पाटीवरून गेलंय. यात माझा काही हक्क आहे की नाही?

कोर्टकचेरी

आहे. आणि हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण महाराष्ट्रातले हजारो शिक्षक याच जागी उभे आहेत आणि त्यांना कुणी काही सांगत नाही.

१७वं कलम म्हणतं : नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. पूर्णवेळ प्राध्यापकानं कामाचा भाग म्हणून कोर्स बनवला की संस्था या कलमाकडं बोट दाखवते. मास्तरीणबाई, म्हणून तुमचा लेखी करार आधी व्हायला हवा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं नातं नोकरीचं की स्वतंत्र कामाचं, हे नेमणूकपत्राच्या अटींवर ठरतं. ते पत्र घेऊन वकिलाकडं जा. दूरशिक्षणासाठी बाहेरून घटक लिहून देणारे लेखक तर बहुतेकदा स्वतंत्रच असतात. त्यांचा हक्क संस्थेकडं जायचा असेल तर १९व्या कलमाप्रमाणं लेखी आणि सहीचा करार लागतो. मानधनाचा चेक म्हणजे करार नव्हे. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

आणि नाव. ५७वं कलम : हक्क पूर्ण विकला, सही करून दिला, तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क लेखकाकडंच राहतो. तुम्ही लिहिलेल्या टिपा, स्लाइड यांवरून नाव काढलं तर हे कलम उभं राहतं. व्याख्यान देणारा म्हणून स्वतंत्र तरतूद २०१२पासून आहे, ३८बी. तुमच्या पाटीचं पत्र उद्याच पाठवा.

मास्तरीण_करवीर

तासिका_तत्त्व, तुमचं वाचून अस्वस्थ झाले. तुमच्या परिस्थितीतल्या सहकाऱ्यांच्या जिवावर आमचे विभाग चालतात.

मी स्वतः लिहिणार आहे तो भाग क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली खुला करावा असं मनात आहे. म्हणजे नाव देऊन कुणीही वापरावं, बदलावं, पण पुढची आवृत्तीही तशीच खुली ठेवावी. मराठीतून इतिहास शिकवणाऱ्या गावोगावच्या शिक्षकांना ते घेता येईल. त्यासाठी आधी हक्क माझ्याकडं किंवा संस्थेच्या संमतीनं हवा, हे आता कळतंय. करारात काय लिहायचं ते सांगाल का? आमच्या प्राचार्यांसमोर ठेवते.

कोर्टकचेरी

कल्पना उत्तम आहे. एक जपा : खुल्या परवान्याच्या मजकुरात दुसऱ्याची पानं मिसळू नका. जुळणीकारांसारख्या प्रकाशकांनी दिलेली परवानगी तुमच्या कोर्सपुरती असते, ती तुम्ही जगाला वाटू शकत नाही. त्यामुळं दोन फाइली ठेवा. स्वतःचं लिखाण खुलं, बाहेरचं प्रकरण लॉगिनच्या आत.

मसुदा असा ठेवा, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांनाही चालेल :

'सदर अभ्यासक्रमासाठी शिक्षकाने तयार केलेले लिखित साहित्य, चित्रफिती व चाचण्या यांचा कॉपीराइट शिक्षकाकडे राहील. संस्थेस हे साहित्य आपल्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांच्या अध्यापनासाठी ३ शैक्षणिक वर्षे वापरण्याचा अनन्य नसलेला परवाना राहील. मुदतीनंतर वापर चालू ठेवायचा असल्यास नव्याने लेखी संमती घ्यावी लागेल. शिक्षकाचे नाव प्रत्येक चित्रफितीच्या आरंभी व प्रत्येक घटकाच्या पहिल्या पानावर राहील व सेवेत नसतानाही ते काढले जाणार नाही. साहित्यात बदल करण्यापूर्वी शिक्षकास कळवले जाईल. लिखित साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास संस्थेची हरकत नाही.'

संस्था पहिल्या वाक्याला अडेल. अडली तर मालकी संयुक्त करा, पण नाव आणि ३ वर्षांची मुदत या दोन ओळी सोडू नका. सही रेकॉर्डिंगच्या आधी घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.